बाहेरची कडी

"या खोलीचं दार शेवटी बघू," असं म्हणून मानसिंगरावांनी हातातली पितळी मूठ खिडकीपाशी नेली आणि डोळ्यांजवळ धरून फिरवून पाहिली. "ही मूळची नव्हे. ही कलकत्त्याकडची. आमच्या आजोबांनी बंगला बांधला तेव्हा सगळं पितळ मुंबईहून आणलं होतं."

मूठ कलकत्त्याकडचीच होती. चोरी पकडली गेली तरी मी मनातून सुखावले, कारण आमच्या धंद्यात असं जाणकार गिऱ्हाईक क्वचित भेटतं. बाकीचे चकाकी बघतात आणि भाव पाडतात.

आमचं दुकान कोल्हापुरात, पापाच्या तिकटीजवळच्या एका बोळात. जुनी घरं पाडली की त्यांच्या दारांचं लोखंड आणि पितळ माझे वडील, आबा, विकत घ्यायचे. ते साफसूफ करून ठेवायचे आणि कुणी जुनं घर पूर्वीसारखं करायला काढलं की त्याला द्यायचे. आबांचे गुडघे गेल्यापासून बाहेरची कामं माझ्याकडे आली होती. नवऱ्याकडून परत आलेली मुलगी धंद्याला लागली ते बरं झालं, असं नातेवाईक म्हणायचे, आणि माझ्या तोंडावर म्हणायचे.

मानसिंगराव जगदाळे यांचा बंगला पन्हाळ्यावर, तटाच्या जवळ. काळ्या दगडाच्या भिंती, कौलारू छप्पर, लांबलचक व्हरांडा. श्रावण संपत आला होता आणि धुकं इतकं दाट की फाटकातून आत येईपर्यंत मला बंगला दिसलाच नव्हता. पोत्यावर मी माल मांडला होता: मुठी, बिजागऱ्या, कड्या, कोयंडे. मानसिंगराव एकेक वस्तू हातात घेऊन निवडत होते. मोठे अदबीचे गृहस्थ. मला "कुमुदताई" म्हणत होते आणि मी बसल्याशिवाय स्वतः बसत नव्हते. सगळं आजोबांच्या काळी होतं तसं हवं, एवढंच त्यांचं म्हणणं. प्रत्येक दाराच्या आतल्या बाजूला एक पितळी कमळ त्यांनी पसंत केलं. कडीचे पाय फळीतून आरपार आत येतात आणि तिथं वळवून ठोकलेले असतात. ते ओबडधोबड दिसू नयेत म्हणून जुने लोक त्यावर असं फूल बसवत.

"आणि आतल्या कड्या कुठल्या घ्यायच्या?" मी विचारलं.

"आतून कड्या नकोत. आजोबांच्या काळी नव्हत्या. घरच्या माणसांनी घरात कुणापासून दार लावायचं?"

मी जवळच्या दाराची आतली बाजू पाहिली. दारावरच्या खुणा कळायला फार अक्कल लागत नाही. कडी काढली की भोकं राहतात, आणि भोकांत लांबीचा लगदा भरून रंग दिला तरी तेवढा भाग वेगळा दिसतो. त्या बंगल्याच्या प्रत्येक दाराला आतून कडी होती, चांगली जुनी होती, आणि ती काढून फार दिवस झाले नव्हते. पण गिऱ्हाईकाशी वाद घालायचा नाही हे आबांनी मला शिकवलं होतं.

मग आम्ही शेवटच्या खोलीपाशी आलो. व्हरांड्याच्या टोकाला, आत उघडणारं एकफळी सागवानी दार. त्यावर बाहेरून स्टीलचा नवाकोरा आल्ड्रॉप.

"हे विद्रूप दिसतं," मानसिंगराव म्हणाले. "हे काढून इथं जुन्या पद्धतीची कडी बसवायची. जाड. बाहेरूनच."

"इथं कोण राहतं?"

"आमच्या बाईसाहेब झोपतात." त्यांनी आल्ड्रॉपचा दांडा एकदा मागंपुढं सरकवून पाहिला. "तब्येत बरी नसते त्यांची. धुक्यात उठून चालू लागतात. मागं एकदा तटाच्या वाटेला सापडल्या. पाय घसरला असता म्हणजे?"

त्यांचा आवाज कातर झाला होता. मला त्यांचं वाईट वाटलं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं सगळं ऐकताना वाटेल की मला पहिल्यापासून संशय होता. तसं काही नव्हतं.

तेवढ्यात दिवाणखान्यात फोन वाजला आणि ते गेले. मी फळीची जाडी मोजायला खोलीत शिरले. आतली बाजू बघायची म्हणून दार लोटून घेतलं. टेप लावते न लावते तोच बाहेर आल्ड्रॉप सरकल्याचा आवाज झाला.

आधी वाटलं, चुकून झालं असेल. मी दार ओढलं. हललं नाही. "अहो, मी आत आहे," असं मी अगदी साध्या आवाजात म्हणाले. बाहेर कुणीतरी उभं होतं, श्वास ऐकू येत होता, पण उत्तर नाही. मी खिडकीकडे वळले. खिडकीला गज होते आणि गजांच्या पलीकडची झडप बाहेरून खिळे मारून बंद केलेली होती. फटीतून येणाऱ्या उजेडात एक पलंग, एक पितळी तांब्या आणि कोपऱ्यात झाकण घातलेली बादली दिसली. बादली कशासाठी ते वासावरून कळलं. दाराच्या आतल्या बाजूला, जिथं पूर्वी कडी होती, तिथली लांबी कुणीतरी नखानं उकरून काढली होती. भोकं मोकळी केली होती, पण त्यांत घालायला काही नव्हतं.

मला ओरडायचं होतं. पण ओरडले तर मानसिंगराव येतील, असं मनात आलं आणि मी तोंडावर हात दाबला. का, ते मला सांगता आलं नसतं.

"ओरडू नका," दाराच्या पलीकडून बाईचा आवाज आला. अगदी शांत. "उघडते मी. फक्त एवढं सांगा, आत कसं वाटतंय?"

"उघडा, वहिनी," मी म्हणाले.

"मी रोज तेच म्हणते. सांजवात केली की मला आत घालतात ते सकाळी चहाच्या वेळी काढतात. पाहुणे आले की दिवसासुद्धा. तुम्ही ह्या दाराला कडी बसवणार ना? म्हटलं, खोली आतनं बघून बसवावी."

"तुमची तब्येत..."

"माझ्या तब्येतीला काय झालंय? साताऱ्याला बहिणीकडं निघाले होते. एसटीच्या थांब्यापर्यंत पोचले होते. तिथनं धरून आणलं आणि सगळ्यांना सांगितलं, तटाकडं सापडली."

"तुमच्या माहेरी कळवा ना."

"कळवलं होतं. भाऊ आला होता. दोघं मिळून जेवले, पान खाल्लं, आणि जाताना मला म्हणाला, अक्का, त्यांच्या मनासारखं वाग."

दिवाणखान्यातला मानसिंगरावांचा हसण्याचा आवाज थांबला. फोन ठेवल्याचा खट्ट आवाज झाला. त्याच क्षणी आल्ड्रॉप सरकला, दार उघडलं. समोर साधारण माझ्याच वयाची, उंच, गव्हाळ बाई उभी होती. अंबाडा घट्ट बांधलेला. एका हातात चहाचा ट्रे. मघाचपासून तो ट्रे तिनं तसाच एका हातावर धरला होता.

"चहा घेता ना?" ती मोठ्यानं म्हणाली.

मानसिंगराव व्हरांड्यात आले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आल्ड्रॉपकडे. मी कप उचलला. बशी खडखडू नये म्हणून ती ट्रेमध्येच ठेवली.

"झालं माप?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"कडी जाड पायांची बघा. आतून कितीही ओढलं तरी हलता कामा नये."

परतीच्या एसटीत मी घाटभर मागं वळून बघत होते. गाडी घेऊन तो माणूस मागून येतोय असं उगाचच वाटत होतं. दुकानात शिरल्यावर आधी आतून कडी लावली, मग आबांना सगळं सांगितलं.

आबा बराच वेळ काथ्यानं एक बिजागरी घासत राहिले. "माल द्यायचा न्हाई म्हणून सांग," ते म्हणाले. "मोठ्या लोकांच्यात पडायचं न्हाई. उद्या दुकान पेटवलं तर कोण येणार हाय?"

"मी नाही दिला तर तो स्टीलचाच ठेवील. वर कुलूप लावील."

"लावू दे. तू लावल्यालं तर नसंल ना."

"आबा, मी परत आले तेव्हा तुम्ही एक शब्द विचारला नाहीत. दार उघडलंत आणि बाजूला झालात."

हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नव्हतं. बिजागरी खाली ठेवून ते भिंतीला धरून उठले आणि माळ्याखालच्या खुंटीवरून एक काळपट, जाड कडी काढून माझ्यापुढं ठेवली.

"ही खिळीची," ते म्हणाले. "माझा बा असल्या घडवायचा. धान्याच्या कोठीला कडी असली की पाय वळवून ठोकायचे. पण माणूस निजायच्या खोलीला बाहेरनं कडी मागितली की पाय कधी वळवायचा न्हाई. दोन्ही पाय जुळवून एक दांडा, दांड्याच्या टोकाला भोक, भोकात खीळ. आत आग लागली, बाळंतीण अडकली, तर आतलं माणूस खीळ उपसून दांडा भायेर ढकलतंय. लोहाराचा नेम हाय त्यो. मागणाऱ्याला सांगायचा नसतोय."

त्यांनी ती कडी स्वतः गोडेतेलानं पुसून दिली.

ठरल्या दिवशी मी पन्हाळ्यावर गेले तेव्हा माझी पाचावर धारण बसलेली होती. बाकीची दारं सुताराकडून आधीच करून घेतली होती, सगळीकडे पाय वळवून, वर कमळं बसवून. शेवटचं दार मी स्वतः करणार म्हणाले. नाजूक काम आहे, असं कारण सांगितलं. मानसिंगरावांनी खुर्ची व्हरांड्यात मांडून घेतली आणि वहिनींना शेजारी बसवलं. त्यामुळं वहिनींना आतलं काही दिसणार नव्हतं, आणि त्यांच्याशी एक शब्द बोलायची सोय नव्हती.

फळीला भोक पाडून झालं. मी दांडा बाहेरून घातला आणि म्हणाले, "साहेब, बाहेरून जरा कडी धरता? मी आतून पाय वळवते."

ते तत्परतेनं उठले. दार अर्धवट लोटून मी आत गेले. पलीकडे त्यांनी कडी घट्ट धरलेली, अलीकडे मी. दांड्याचं टोक माझ्या हाताशी आलं. मी भोकात खीळ घातली आणि हातोडीनं पिशवीतून काढलेल्या लोखंडाच्या तुकड्यावर ठोके मारले, पाय वळवताना येतो तसा आवाज यावा म्हणून. एक ठोका अंगठ्यावर बसला. मी कळ गिळली. वर कमळ ठेवून चिमटीनं उजवीकडं फिरवून बसवलं.

"झालं, साहेब."

ते आत आले. सगळं नीट न्याहाळलं. मग त्यांनी कमळ चिमटीत धरलं.

आजही ती दोन बोटं माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. स्वच्छ कापलेली नखं, तर्जनीत पुष्कराजाची अंगठी. त्यांनी कमळ फिरवलं. उजवीकडं. ते आधीच घट्ट बसलेलं होतं, हललं नाही.

"सुंदर," ते म्हणाले. "आता परीक्षा घेऊ. तुम्ही आतच थांबा. मी कडी घालतो, तुम्ही ओढून बघा."

मी नको म्हणायच्या आत ते बाहेर गेले. दार बंद झालं आणि कडी कोयंड्यात पडली.

"ओढा."

मी ओढलं. खीळ टिकली.

"जोरात, कुमुदताई. असं ओढा की खरंच बाहेर पडायचंय."

मी दोन्ही हातांनी ओढलं. त्यासाठी मला काही सोंग करावं लागलं नाही.

"छान." आणि मग काहीच नाही. कडी निघेना. मला त्यांच्या बुटांचा आवाज आला, दारापासून दूर जाणारा, परत जवळ येणारा. मग अगदी फळीला तोंड लावून बोलल्यासारखा त्यांचा आवाज आला. "त्या दिवशी मी फोनवर होतो तेव्हा आमच्या बाईसाहेब तुमच्याशी काय बोलल्या?"

कमळ माझ्या डोळ्यांसमोर होतं. एक वळसा दिला असता तर मी बाहेर पडले असते, आणि मी बाहेर पडले असते तर ती कायमची आत गेली असती. मी हात पाठीमागं नेऊन एकमेकांत अडकवले.

"चहा घेता का, विचारलं," मी म्हणाले.

"आणि?"

"मी हो म्हटलं."

वहिनींचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. मग मानसिंगराव हसले आणि कडी निघाली.

निघताना मी सगळा माल पोत्यात भरला आणि शक्य तितक्या दुकानदारी आवाजात म्हणाले, "वहिनी, पितळ काळं पडलं की चिंचेनं घासायचं. पण फुलं घासताना डावीकडं फिरवू नका हां. डावीकडं फिरवलं की सैल होऊन हातात येतात."

वहिनींनी पदर सारखा केला. "आमच्याकडं पितळ गडीमाणसं घासतात," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर काही नव्हतं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मानसिंगरावांनी मला फाटकापर्यंत पोचवलं आणि काम मनासारखं झालं म्हणून नमस्कार केला.

त्यानंतर मी भीतभीतच जगले म्हटलं तरी चालेल. वहिनींना कळलंच नसेल, ही एक भीती. त्यांच्याऐवजी मानसिंगरावांनाच कळलं असेल, ही दुसरी. दुकानापुढं मोटार थांबली की मी आत पळायचे. आबा उठून दाराशी बसायचे. पन्हाळ्याची काहीच खबर आली नाही, आणि मी विचारायला गेले नाही. विचारायची हिंमत नव्हती.

आबा गेले, मग बऱ्याच वर्षांनी जगदाळ्यांच्या पुतण्याचा निरोप आला. काका वारले, बंगला हॉटेलवाल्याला दिलाय, दारांचं जुनं सामान घेऊन जा. माणूस मेल्याचं ऐकूनही फाटकातून आत जाताना माझा पाय अडखळला.

आत म्हादबा होता, बंगल्याचा जुना राखणदार. त्यानं मला ओळखलं. आधी त्यानं मला मानसिंगरावांच्या झोपायच्या खोलीत नेलं. "हे बगा, काय काय निघतंय," म्हणाला आणि दार आतून लोटलं.

त्या दारावर आतून खालपासून वरपर्यंत कड्या होत्या. स्टीलच्या, लोखंडी, पितळी, साखळीच्या, बाजारात मिळेल ती प्रत्येक जात. फळीवर हात ठेवायला जागा नव्हती. ज्या घरात कुणापासून दार लावायची गरज नव्हती, त्या घरात.

"हे कशासाठी?" मी विचारलं.

म्हादबानं आवाज खाली आणला. साहेब मेले होते तरीही. "वैनीसाब गेल्या तवापासनं. सकाळी मी चा घिऊन गेलो. कडी घातल्याली, जशी रातच्याला घातली हुती तशी. मीच काढली. आत कुनी न्हाई. खिडकीचं गज जाग्यावर. साहेब म्हनाले, तू उगाडलंस. मी अंबाबाईची आन घेतली. मग त्यांनी सवता आत बसून मला कडी घालाय लावली, दार ओढून बगितलं. हाललं न्हाई. तितनं पुढं माणूस हाय खाल्ली की हो. म्हनायचे, जी बंद दारातनं भायेर गेली ती बंद दारातनं आत बी यील. दर म्हैन्याला नवी कडी आणायचे."

"आणि वहिनी?"

"त्या कुटं येत्यात."

त्याला दुसऱ्या दारांकडे पाठवून मी व्हरांड्याच्या टोकाला गेले. कडी जागेवर होती, गंजलेली, पण शाबूत. मी आत जाऊन कमळापुढं उभी राहिले. कधी नव्हे ते मला त्या खोलीत नीट श्वास घेता येत होता. इतकी वर्षं मला वाटत होतं, कळलं असलंच तर ती बाई खीळ उपसून जीव घेऊन पळाली असेल. मी तेच केलं असतं. आणि ती तर उघड्या दारात थांबली होती. शेजारच्या खोलीत नवरा झोपलेला असताना दांडा परत भोकात घातला, पाय पक्का केला, कमळ बसवलं, दार ओढून घेतलं, बाहेरून कडी घातली आणि मग गेली.

मी कमळ चिमटीत धरून डावीकडं फिरवलं. ते अलगद हातात आलं.

आबांनी दिलेली खीळ तिथं नव्हती. घाईत हातातून निसटून पलंगाखाली गेली असेल, किंवा बरोबर नेली असेल. दांड्याच्या भोकात केसांचा काळा आकडा होता, दोन्ही टोकं नीट दुमडलेला.